सव्वाआठनंतरची ड्युटी

मी, दौलत गंगाराम येलवे, वय शहात्तर, आधी सैन्यातून आणि नंतर हॉस्पिटलातून निवृत्त, राहणार वरळी, मुंबई, आज स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. मी नशापाणी करत नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. हे वाक्य अशा सगळ्याच कागदांत असतं, पण माझ्या कागदावरून पुढे वाद होईल अशी माझ्या मुलाला भीती आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. डॉक्टरबाईंनी मला तारीख, वार, नातीची इयत्ता आणि वीसपासून उलटे आकडे विचारले. सगळं बरोबर आलं.

माझे वकील हितेंद्र यांनी मला सुचवलं होतं, "काका, घराचं आणि बँकेचं या कागदात ठेवा. ते युद्धाचं वेगळ्या वहीत लिहा. एकत्र केलंत तर उद्या कोणीतरी कोर्टात म्हणेल की म्हातारा भ्रमिष्ट होता, आणि सगळंच अडकेल." सल्ला चांगला आहे. तरी मी तो घेतलेला नाही. एकदा माझ्या बाबतीत कागदावर अर्धंच लिहिलं गेलं आणि मी त्याला हो म्हणालो. त्याला आता चोपन्न वर्षं होतील.

यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं आणि शेवटचं समजावं.

१. चाळीतल्या खोलीच्या बदल्यात मिळालेलं सतराव्या मजल्यावरचं घर मुलगा राजरत्न आणि मुलगी प्रिती या दोघांचं, निम्मं निम्मं. प्रिती वडाळ्याला आपल्या घरी सुखात आहे, हे मला ठाऊक आहे. तरी निम्मं तिचंच. तिची आई, कालकथित यशोधरा, अंथरुणाला खिळली तेव्हा शेवटचे सात महिने प्रितीने काढले. तेव्हा कोणी त्याची आठवण लिहून ठेवली नाही, म्हणून मी आता लिहितो. राजरत्न आणि सून वैशाली तिथे राहतात तोवर त्यांना कोणी उठवू नये. विकायचं ठरलं तर मात्र दोघांच्या सह्या लागतील.

२. बँकेत जे काही शिल्लक असेल ते नात मनवा हिच्या शिक्षणाला. काय शिकायचं ते तिने ठरवावं, घरच्यांनी नव्हे.

३. आमच्या मंडळाचा सेक्रेटरी निलेश दरवर्षी जयंतीला स्टेजवरून माझ्या शौर्याचं भाषण करतो. मी एकट्याने चार जखमी आणले असं सुरुवातीला म्हणायचा. मग नऊ झाले. गेल्या वर्षी एकवीस झाले, आणि त्यांच्यात एक कर्नल आला. निलेश मनाचा चांगला आहे. माझ्या शोकसभेत त्याने बोलू नये.

४. माझं सेना पदक. याबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल.

मी सैन्यात स्ट्रेचर बेअरर होतो. जखमींना गोळीबारातून उचलून मागे डॉक्टरांपर्यंत न्यायचं, एवढंच काम. एका स्ट्रेचरला दोन माणसं. माझा जोडीदार दत्ताराम विठू मांजरेकर, लालबागचा, घरचे मूळ मालवणकडचे. मी वरळीचा. भरतीनंतर ट्रेनिंगला उत्तरेत गेलो तेव्हा सगळ्या बराकीत मुंबईचे आम्ही दोघेच, म्हणून जमलं. मी पुढे, तो मागे. पुढच्याने रस्त्याकडे बघायचं, मागच्याने जखमीकडे. पुढच्याचा डावा पाय पडेल तेव्हा मागच्याचा उजवा, नाहीतर स्ट्रेचर झुलतं. हुकूम पुढच्याने द्यायचा. आणि पुढच्याने चालताना मान वळवायची नाही, कारण मान वळली की खांदा वळतो आणि माणूस खाली पडतो. तीन वर्षांत माझी मान एकदाही वळली नाही.

डिसेंबर एकाहत्तर, पश्चिमेची आघाडी. उसाची शेतं, त्यात पेरलेले सुरुंग, आणि त्यातून साफ केलेली एक वाट. दोन्ही बाजूंना पांढरी फीत लावलेली, जेमतेम दोन माणसांच्या रुंदीची. वाटेच्या या टोकाला वीटभट्टीच्या भिंतीआड आमचे डॉक्टर, एक कॅप्टन. सकाळी धुकं एवढं होतं की स्वतःचे बूट दिसत नव्हते. दोन खेपा नीट झाल्या. तिसऱ्या खेपेला आम्ही स्ट्रेचर खाली ठेवलं. फितीच्या बाहेर डावीकडे कोणीतरी कण्हत होतं. दत्ताराम म्हणाला, "तू हयच बस. मी आणतंय त्याका." मी स्ट्रेचरकडे पाठ करून, पुढच्या दांड्या हातात धरून, उकिडवा बसलो. हीच पद्धत आहे.

स्फोट झाला. माझ्या कानांत नुसता घों घों आवाज. मी हाक मारली, "दत्ता!" पुन्हा मारली. मग माझ्या मागे कापड ताणलं गेल्याचं जाणवलं. कोणालातरी स्ट्रेचरवर ठेवलं होतं. आणि मागून त्याचा आवाज आला, "हयच असंय रे."

मी म्हटलं, "उचल."

उचललं गेलं. आम्ही चाललो. माझा डावा, मागे उजवा. मला पावलं ऐकू येत होती. वजन होतं, आणि ते सारखं वाटलं गेलं होतं. भट्टीजवळ दोन जवान धावत आले, त्यांनी बाजूंनी स्ट्रेचर घेतलं. डॉक्टरांनी जखमीच्या तोंडावरचा चिखल पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

"ये तो तुम्हारा ही जोडीदार है."

स्ट्रेचरवर दत्ताराम होता. मानेपाशी काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हा जागीच गेला, आणि कागदावर वेळ लिहिली, सव्वाआठ. मग त्यांनी विचारलं, "तुम्हारे पीछे कौन था?"

मी वळून बघितलं. वाटेवर ओल्या चिखलात माझ्या बुटांचे ठसे होते, आणखी कोणाचेच नव्हते. पण स्ट्रेचर ओढत आणलं असतं तर मागच्या दोन दांड्यांच्या रेघा उमटल्या असत्या. तशा रेघाही नव्हत्या. हे मी त्या दिवशी बघितलं आणि आजही शपथेवर सांगतो.

पलीकडे अजून चार जण पडले होते. त्यांच्या हाका धुक्यातून येत होत्या. डॉक्टर म्हणाले, दुसरा माणूस मिळेपर्यंत थांब. मी थांबलो नाही. लोक याला शौर्य म्हणतात. मला सुरुंगाची भीती वाटतच होती, पण त्याहून मोठी भीती ही होती, की मी पलीकडे जाऊन 'उचल' म्हणेन आणि मागे कोणी नसेल. ते एकदा बघून घेतल्याशिवाय मला उभं राहवत नव्हतं.

चार वेळा गेलो. चार वेळा म्हटलं. चारही वेळा उचललं गेलं. मान वळवली नाही. शेवटचा जखमी गढवालचा एक नाईक होता, पोटात गोळी लागलेला, पण पूर्ण शुद्धीवर. भट्टीपाशी जवान धावत आले, त्यांनी चारही दांड्या हातात घेतल्या आणि मी तिथेच कोसळलो. तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. तो नाईक डॉक्टरांना म्हणत होता, "पीछेवाले भाई को पानी पिला दो. बहुत थक गया है." डॉक्टरांनी त्याला ताप चढलाय असं लिहिलं.

चार दिवसांनी कॅप्टनसाहेबांनी मला बोलावलं. "लिख रहा हूँ कि जोडीदार के मरने के बाद अकेले घसीटकर लाया. ठीक है?" मी हो म्हणालो. दुसरं काही बोललो असतो तर वेड्यांच्या वॉर्डात गेलो असतो, हे एक कारण. दुसरं कारण असं, की मला ते पदक हवं होतं. आमच्या चाळीत अशी वस्तू कोणाच्याही घरात नव्हती. दत्तारामला काही मिळालं नाही, कारण कागदावर तो सव्वाआठलाच संपला होता.

५. पुढच्या फेब्रुवारीत मी त्याचं सामान घेऊन लालबागला गेलो. लग्नाला आठ महिने झालेली त्याची बायको बकुळावहिनी दारात आली. मागून दत्तारामचे थोरले भाऊ आले. त्यांनी माझं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग गाव विचारलं. त्यानंतर मला आत बोलावलं नाही. वहिनींनी पाण्याचा तांब्या आणला होता, तो त्यांनी तिच्या हातातून काढून घेतला. आम्ही गॅलरीतच उभे राहिलो. वहिनींनी एकच विचारलं, "शेवटी ते तुमच्याबरोबर होते काय?"

मी म्हटलं, "नाही वहिनी. लगेच गेले. त्यांना काही कळलंसुद्धा नाही."

त्या भावाचा मला राग आला होता, म्हणून मी तिच्याशी खोटं बोललो. तो भाऊ आता हयात नाही. मी त्याला माफ केलेलं नाही, हेही इथे नमूद असावं. पण तिचा काय दोष होता?

६. सैन्यातून आल्यावर मी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून सत्तावीस वर्षं काढली. तिथे चाकांची ट्रॉली असते, एक माणूस ढकलतो. हातात दांड्या धरायची वेळ कधी आली नाही. मला वाटलं, ते सगळं उसाच्या शेतातच राहिलं.

मग दोन हजार वीसचा एप्रिल आला. आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर कमल राहायची. नवरा गावी अडकलेला, ही एकटी, ताप आणि धाप. खाली गाडी आली, पण तिच्यात फक्त ड्रायव्हर. बरोबरचा माणूस त्याच दिवशी आजारी पडला होता. मंडळाच्या खोलीत कापडी स्ट्रेचर होतं, ते मी काढलं. वैशाली रडायला लागली, "बाबा, वय काय तुमचं!" मी वर गेलो. कमल स्वतः सरकत सरकत स्ट्रेचरवर आली. मी पॅसेजमध्ये तीनदा ओरडलो, "कोणीतरी मागे धरा रे!" दारं किलकिली झाली, पण उघडली नाहीत. मला त्यांचा राग नाही. प्रत्येकाच्या घरात पोरंबाळं होती.

भर दुपार होती. मी स्ट्रेचरकडे पाठ करून उकिडवा बसलो, दांड्या धरल्या, आणि तोंडातून सवयीने शब्द निघाला, "उचल."

मागची बाजू वर आली.

तीन मजले उतरलो. जिन्यात मागच्याने दांड्या खाली न्यायच्या असतात, म्हणजे माणूस आडवा राहतो. त्या बरोबर खाली येत होत्या. माझा डावा, मागे उजवा. दुसऱ्या मजल्यावर वैशाली उभी होती. तिला मी नंतर विचारलं, काय दिसलं? ती म्हणाली, "बाबा, मी डोळे मिटून घेतले." आजपर्यंत ती यावर एवढंच बोलली आहे.

गाडीत चढवल्यावर कमलने माझी बाही धरली. झोपलेल्या माणसाला मागच्याचा चेहरा वरून, उलटा दिसतो. ती म्हणाली, "काका, मागे होता तो पोरगा कुणाचा? मिसरूडसुद्धा नीट फुटलं नव्हतं. अंगाला ओल्या मातीचा वास येत होता. मला म्हणाला, भिया नको गो बाय." कमल साताऱ्याकडची आहे. 'भिया नको' तिच्या बोलीत नाही.

मी म्हातारा झालो, तो बावीसचाच राहिला. हे मला त्या दिवशी कळलं.

७. पुढच्या वर्षी वाहतूक सुरू झाल्यावर मी लालबागला गेलो. बकुळावहिनींनी पुन्हा लग्न केलेलं नव्हतं. त्याच खोलीत, आता एकट्या. या वेळी "आत या भावोजी" म्हणाल्या. मी सगळं सांगितलं, सव्वाआठपासून कमलपर्यंत. मला वाटलं होतं, रडतील, किंवा मला हाकलतील. पण त्यांचा आवाज चढला.

"पन्नास वर्षं झाली. तुमी त्यांना 'उचल' म्हटलंत. खाली ठेवायला कधी सांगितलंत?"

मी आठवून बघितलं. भट्टीपाशी जवानांनी दांड्या ओढून घेतल्या होत्या. कमलच्या वेळी ड्रायव्हरने. मी सांगितलंच नव्हतं.

"म्हंजे माणूस अजून उभाच आहे," त्या म्हणाल्या. "माझा माणूस अजून ओझं धरून उभा आहे."

८. पुढच्या रविवारी चार वाजता त्या आमच्या चाळीत आल्या. गुडघे दुखत होते, एका हाताने कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबत त्या तिसऱ्या मजल्यावर चढल्या. चाळ पाडायची होती, तो मजला जवळजवळ रिकामा झाला होता. मी रिकामं स्ट्रेचर पॅसेजच्या एका टोकाला ठेवलं. त्या दुसऱ्या टोकाला, माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. जाळीतून ऊन आत आलं होतं.

मी म्हटलं, "उचल."

स्ट्रेचर वर आलं. कापडावर कोणी नव्हतं, तरी मागे धरलेलं होतं. मी चालू लागलो. मला मागचं बघता येत नव्हतं, म्हणून मी वहिनींचा चेहरा बघत चाललो. आधी त्या माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांची नजर माझ्या डोक्यावरून थोडी वर गेली आणि तिथे थांबली. दत्ताराम माझ्याहून चार बोटं उंच होता.

त्यांनी तोंडाला पदर लावला. म्हणाल्या, "किती बारीक झालात." मग माझ्याकडे बघून मान हलवली.

मी म्हटलं, "ठेव, दत्ता. झालं आपलं."

आधी मागची बाजू टेकली, अगदी हळू. मग मी माझी टेकवली. मागून एक मोठा श्वास ऐकू आला, जड वस्तू ठेवल्यावर माणूस सोडतो तसा. मी तरीही मान वळवली नाही. वहिनी म्हणाल्या, "आता बघा." मी बघितलं. पॅसेज मोकळा होता.

त्यांनी काय पाहिलं ते मी विचारलेलं नाही, त्यांनी सांगितलेलं नाही. त्या जिना उतरून गेल्या. मी वरून बघत होतो. उतरताना त्यांनी कठडा धरला नव्हता. उजवा हात कोपरात जरा वाकवून, अंगापासून थोडा दूर धरला होता, आणि एकाही पायरीवर त्या थांबल्या नाहीत.

९. म्हणून असं ठरवतो. पदकाच्या कडेवर माझं नाव कोरलेलं आहे. मी संबंधित कार्यालयाला दोनदा पत्र लिहिलं. जुनी नोंद बदलता येत नाही असं नम्र उत्तर आलं. तेव्हा ठाकूरद्वारला उन्मेष नावाचा नक्षीकाम करणारा आहे, त्याच्याकडे पदक नेलं. तो म्हणाला, "काका, असं चालतं का? आणि जागा थोडीच आहे, आडनाव मावणार नाही." मी म्हटलं, नाव पुरे. माझ्या नावाच्या मागे आता 'दत्ताराम' आहे. हे पदक श्रीमती बकुळा दत्ताराम मांजरेकर यांना द्यावं. राजरत्नाला ते हॉलमध्ये फ्रेम करून लावायचं होतं. बाळा, माफ कर. फ्रेम केली आहेस, तिच्यात आईचा फोटो लाव.

मी याद्वारे जाहीर करतो, की शिपाई दत्ताराम मांजरेकर त्या दिवशी सकाळी सव्वाआठनंतर अकरा दहापर्यंत ड्युटीवर होता. शेवटचे चार जखमी आम्ही दोघांनी आणले. मी हो म्हणालो ते खोटं होतं.

१०. माझ्या पश्चात राजरत्नाने महिन्यातून एकदा लालबागला वहिनींकडे जावं, औषधं, बिलं, काय हवं नको ते बघावं. आधी दारातून हाक मारावी. आतून बोलल्याचा आवाज येत असेल तर थांबावं. त्या एकट्या राहतात असं धरून चालू नये.

११. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. त्रिशरण, पंचशील, भाषणं नकोत. चौघांनी उचलावं. पुढच्यांनी रस्त्याकडे बघावं, मागच्यांनी माझ्याकडे. ठेवताना कोणीतरी तोंडाने सांगावं.

१२. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी मुलगी प्रिती हिला नेमतो. ती घाबरत नाही.

एक गोष्ट राहिली. त्या रविवारपासून माझ्यामागे पावलं नाहीत. रस्त्याने चालताना माझा डावा पाय पडतो आणि मागे काही पडत नाही. मला अजून याची सवय झालेली नाही. तक्रार म्हणून लिहीत नाही.

वरचा मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे म्हणून खाली दोन साक्षीदारांच्या समोर सही करत आहे.

दौलत गंगाराम येलवे
ठिकाण : वरळी, मुंबई
दिनांक : २२ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार पहिले : गौतम तांबे, निवृत्त शिक्षक, राहणार वरळी. येलवे यांनी माझ्यादेखत सही केली. ते शुद्धीवर आणि शांत होते. आतला मजकूर मी वाचलेला नाही. मी फक्त सहीचा साक्षीदार आहे.

साक्षीदार दुसऱ्या : कमल शिंगटे, गृहिणी, राहणार वरळी. मजकूर मला काकांनी वाचून दाखवला. माझ्याबद्दल लिहिलंय ते खरं आहे. सही करताना काका खुर्चीत बसले होते आणि मी समोर उभी होते. कोणी त्यांच्यावर दबाव आणत होतं का, हे बघायला वकिलांनी सांगितलं होतं, म्हणून मी नीट बघितलं. त्यांच्यामागे कोणी उभं नव्हतं.